पहिल्या पोत्यावर नारळ

इंदूर,
४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. यशोधरेस दादाचे अनेक आशीर्वाद.

हात धुतलेले नाहीत, तेव्हा कागदाला राख लागलेली दिसेल, ती झटकून वाच. निम्मी पोती नाल्यात पडली आहेत, निम्मी पडायची आहेत, आणि मिलमधल्या नंदूने चहासाठी सगळ्यांना थांबवलं म्हणून ओटल्यावर बसून हे लिहितो. उद्या अनंत चतुर्दशी. संध्याकाळी आमच्या मिलची झांकी, म्हणजे ट्रॉलीवरचा देखावा, मिरवणुकीत निघेल.

तुला नाल्याचं सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. मिल बंद पडली आणि मेन गेटला सील लागलं, तेव्हापासून झांकी मागच्या गेटाने काढावी लागते. मागचं गेट आणि आमची गल्ली यांच्यामध्ये नाला आहे. त्यावरून ट्रॉली जाणार कशी? तर बॉयलरची राख मिलमध्ये डोंगराएवढी पडून आहे. ती पोत्यांत भरायची, पोत्यांनी नाला भरायचा, वर पुन्हा राख पसरून चोपून पक्की करायची. ट्रॉली गेली की पोती काढून नाला मोकळा. पहिल्या पोत्यावर अध्यक्षाने नारळ वाढवायचा, त्याआधी दुसऱ्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही. अध्यक्ष मीच. टाइम ऑफिसात जन्मभर लोकांची हजेरी मांडली, त्याचं हे बक्षीस. पगार थांबला, अध्यक्षपद चालू आहे.

दिवेलागणीला पुढे लिहितो. नाला भरून झाला. असा भराव आजवर झाला नव्हता. दुपारी एक साहेब टेप आणि नकाशाची गुंडाळी घेऊन आले. मिलच्या जमिनीची पाहणी आहे म्हणाले. सणाचा पाहुणा म्हणून आम्ही त्यांना खुर्ची दिली, ती नेमकी नाल्यावर. हातात मोदक दिला. मोदक खाऊन ते म्हणाले की गल्लीच्या मानाने रस्ता चांगलाच रुंद आहे. नंदू हसू दाबून म्हणाला की साहेब, आपल्या मोहल्ल्यात सगळं असंच पक्कं असतं. मीही काही बोललो नाही. खाली नाला आहे हे त्यांना कळू नये, यातच आमची फुशारकी. ते गेल्यावर सगळे पोट धरून हसलो.

यंदा कालियामर्दन आहे. मोटरवर नागाच्या फणा वरखाली होतात. पूर्वी देवांचे कपडे प्रेमलता शिवायची. अर्धांगवायूने ती पलंगाला खिळली, उजवा हात चालत नाही, पण खिडकीतून तिच्या सूचना चालू असतात. कृष्णाचा शेला चुलीवरच्या फडक्यासारखा दिसतो, असं तिने आज सगळ्यांदेखत सांगितलं. शेला बदलला.

तुझी माया अशीच नाशिकहून इकडे वाहत राहो.

तुझा
दादा


नाशिक,
१९ सप्टेंबर १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

राख झटकली. तरी थोडी कणकेत पडलीच, कारण पत्र मी पोळ्या करताना वाचलं. घरातले सगळे तुझ्या मिलची राख जेवले, कुणाला काही झालं नाही.

वहिनी सूचना देतात हे वाचून बरं वाटलं. ज्या दिवशी त्या गप्प बसतील, त्या दिवशी मला तार कर.

एक विचारायचं आहे. हृषीकेश रविवारी पुण्याहून आला होता. तो एका बिल्डरच्या साइटवर असतो हे तुला ठाऊकच आहे. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. मी हसत होते, तो हसला नाही. बंद मिलमध्ये टेप घेऊन माणूस कशाला येईल, असं त्याने विचारलं. आणि मामाने त्याला नाला दाखवला नाही का, असंही. मी म्हटलं, नाला काय पाहुण्याला दाखवायची वस्तू आहे? तर म्हणाला की न दाखवलेला नाला नकाशात उतरत नाही. एवढं बोलून ताटाकडे वळला. बापासारखाच आहे, अर्धं बोलतो आणि उरलेलं गिळतो. त्याचं म्हणणं, त्या साहेबांना पुन्हा बोलावून नाला दाखवावा. सवड झाली की कर. पोती काढलीत ना?

थोरलेपणाने रागावलास तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी
यशोधरा


इंदूर,
१४ जानेवारी १९९९

चि. सौ. यशोधरेस अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे. प्रेमलताने डाव्या हाताने वळला आहे, आकाराकडे बघू नकोस.

हृषीकेशचं खरं झालं. साहेबांना पुन्हा बोलवायचं राहूनच गेलं. मागचं गेट आणि झांकीची शेड तेवढी सोडून मिलची मागची जमीन विकली गेली. घेणाऱ्याचं नाव लिहीत नाही. ते त्याने फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. आम्ही त्याला शेठ म्हणतो. तिथे कॉलनी होणार. मुरमाचे डंपर रोज येतात. जमीन आमच्या खिडकीच्या वर गेली आहे. प्रेमलताला पूर्वी मिलचं भोंगाघर दिसायचं, आता मुरूम दिसतो.

सुरुवातीला मोहल्ला खूश होता. आपल्या घरांना भाव येईल, असं जो तो म्हणत होता. मग शेठच्या माणसांनी आपल्या हद्दीतला नाला बुजवला आणि कॉलनीच्या पाण्याचा पाइप आमच्या गल्लीकडे काढला. खालच्या बाजूला, जिथे आमचा नाला मोठ्या नाल्याला मिळतो, तिथे त्याच्या दुसऱ्या गेटाचा रस्ता आला. म्हणजे वरून त्याचं पाणी येणार आणि खालचं तोंड बंद. मी नंदूला आणि आणखी दोघांना घेऊन कचेरीत गेलो. नकाशा दाखवला. त्यात नाला नाही. जिथे नाला आहे तिथे रस्ता आहे, रुंदीसकट.

साहेब तेच होते. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं, त्या दिवशीचा मोदक फार छान होता म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आपण नाल्यावर बसला होतात. त्यांना वाटलं मी थट्टा करतो. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, यशोधरे. भला माणूस आहे. म्हणाले की आता कागद वर गेला आहे, अर्ज करा. अर्ज केला.

परत येताना नंदू एवढंच म्हणाला की भिया, काम जरा जास्तच चांगलं झालं आपल्या हातून.

गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून इथेच थांबतो.

दादा


इंदूर,
१८ जुलै १९९९

चि. सौ. यशोधरेस आशीर्वाद.

पाणी काल घरात आलं. आधी मोरीतून आलं, मग उंबऱ्यावरून. त्याला वास आहे, कारण कामावरच्या मजुरांच्या संडासांचं पाणीही त्याच पाइपात सोडलं आहे. प्रेमलताचा पलंग विटांवर चढवला. ती अडखळत म्हणाली की मी वर आणि तुम्ही खाली, लग्नानंतर पहिल्यांदाच सगळं जागच्या जागी आलं. मी हसलो. मग चुलीकडे जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले की हिच्या पाठीला ओल लागता कामा नये, एकदा जखम झाली की भरणार नाही. न्युमोनियाचंही बोलले. मी त्यांना विचारलं की घरात पाणी असताना ओल कशी लागू द्यायची नाही. ते म्हणाले की ते माझ्या हातात नाही. बरोबर आहे.

आम्ही जे करायचं ते सगळं केलं. अर्जामागून अर्ज दिले. कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. राजवाड्यासमोर धरणं धरलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं की मिलचे लोक जुनी देणी मागायला बसले आहेत, त्यांना त्याची सवय आहे. एक दुकानदार पाणी द्यायला आला आणि म्हणाला की भिया, आता सोडा तो नाद. आम्ही नाल्यासाठी बसलो आहोत म्हटल्यावर त्याने विचारलं की कोणता नाला. अंबिका, आमची शेजारीण, खजराण्याच्या गणपतीला जाऊन नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आली. काम झालं की सुलटं काढायचं. एवढाच एक अर्ज आहे ज्याची पोच मागावी लागली नाही.

शेठचा माणूस घरोघर फिरतो. घर विकायचं असेल तर सांगा म्हणतो. पहिलं घर विकलं गेलं की बाकीची आपोआप जातील. नवरात्रात तो सगळ्या गल्लीवर पक्कं काँक्रीट ओतणार आहे, नकाशाप्रमाणे. मग नाला उकरायलाही उरणार नाही.

आणखी काय लिहू? मला उपाय दिसत नाही. तू थोरली असतीस तर बरं झालं असतं.

दादा


नाशिक,
२६ जुलै १९९९

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनींना घेऊन निघून ये. हृषीकेश गाडी घेऊन येईल, मागची सीट काढून पलंगासारखं करील, मी त्याच्याशी बोलले आहे. तुला काय म्हणायचं आहे ते मला माहीत आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, एकदा वर नेलेली बाई पुन्हा खाली यायची नाही, आणि तुमच्यामागे ते घर जाईल. सगळं खरं. पण वर कोरडं आहे, दादा.

तू येणार नाहीस, म्हणून हृषीकेशने सांगितलेलं लिहिते. पुन्हा पाहणीचा अर्ज कर, दुसरा कोणताच करू नकोस. नाला उघडा असताना पाहणी झाली पाहिजे. नाला म्हणून एकदा कागदावर आला की शेठला त्याचं तोंड मोकळं करावंच लागेल. पंचनाम्यावर दोन पंच लागतात, दोन वेगळ्या घरांतले. अर्जदार तू, तेव्हा तू पंच चालणार नाहीस. मोहल्ल्यातले दोघे हाताशी ठेव. त्यात तुला अडचण यायची नाही, अख्खी मिल तुझी आहे.

मी रागाने लिहिलं असेल तर ते भीतीचं समज. खिडकीतल्या वहिनींना माझा नमस्कार पोचव.

यशोधरा


इंदूर,
१७ सप्टेंबर १९९९

सौ. यशोधरा वन्सं यांस प्रेमलताचा सप्रेम नमस्कार.

डाव्या हाताने लिहिते. चार दुपारी लागल्या. यांना सांगू नका. अंबिका पत्र टाकणार आहे.

हे तुम्हाला सगळं लिहीत नाहीत. मागच्या आठवड्यात हे कचेरीत होते. पाणी आलं. मी हाक मारली. माझी हाक भिंतीपलीकडे जात नाही. पाणी गादीला लागलं. उशी वर ओढली, तेवढीच आली. मग पाऊस थांबला. हे आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. यांनी गादीचं टोक चाचपलं आणि खाली बसले. पाण्यातच बसले. मी डोळे उघडले नाहीत.

पाहणी मंजूर झाली. तारीख अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या सकाळची. बदलून द्या म्हणून हे जाऊन आले. बदलली तर थेट दिवाळीनंतर, म्हणाले. तोवर काँक्रीट पडेल.

नंदू भिया म्हणतात, नाला भरू, झांकी काढू, सकाळी उकरू. हे म्हणतात, पावसात राख दगडासारखी बसते, गेल्या वर्षी काढायला आठवडा गेला. दोघं खरं बोलतात. शेठ म्हणतो, झांकीसाठी मी कायमचा स्लॅब टाकून देतो. मिलवाल्यांना ते गोड लागतं. त्यांच्याकडे झांकीशिवाय दुसरं काही राहिलं नाही. रोज आमच्या ओटल्यावर भांडण.

वन्सं, एक सांगते. मला झांकी बघायची आहे. खिडकीतून. पुढच्या वर्षी मी असेन असं मला वाटत नाही. ही गोष्ट यांना बोलले नाही. बोलले तर हे नारळ वाढवतील. तुम्हाला सांगितलं म्हणजे माझ्या तोंडून इथे निघणार नाही.

हात थकला. तुमचा जीव आमच्यावर आहे, तो असू द्या.

प्रेमलता


इंदूर,
२४ सप्टेंबर १९९९, संध्याकाळ

चि. सौ. यशोधरेस आशीर्वाद.

नारळ वाढवला नाही.

दुपारी सगळे जमले. पोती काठावर रचलेली होती. पहिलं पोतं पुढे ठेवलं, त्याला कुंकू लावलं, आणि नंदूने नारळ माझ्या हातात दिला. तो हातात धरून मी म्हटलं की यंदा नाला भरायचा नाही. काहींना वाटलं मी प्रार्थना म्हणतो आहे. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मग जो तो बोलू लागला. शेठचा स्लॅब घ्या म्हणाले. तुमच्या एका घरासाठी अख्ख्या मिलचं नाक कापता, असं कुणीतरी मागून म्हणालं. मी म्हटलं, पाणी सगळ्यांच्या घरात येतं. तर उत्तर आलं की येतं, आम्ही काढतो. म्हातारा विष्णू, कापड विणायच्या साच्यावर चाळीस वर्षं उभा राहिलेला, शांतपणे म्हणाला की ज्या वर्षी मिल बंद पडली आणि घरात चूल पेटली नाही, त्या वर्षीही झांकी निघाली. ती थांबवणारे तुम्ही कोण, बाबूजी?

नंदूने माझ्या हातातून नारळ घेतला. पोत्यावर उगारला. मी त्याला अडवलं नाही, अडवणार नव्हतो. तो फोडता तर मी बाजूला झालो असतो आणि पोती पडली असती. मग त्याने हात खाली घेतला. म्हणाला की फोडायचा हात अध्यक्षाचा आहे, माझा नाही. आणि मग म्हणाला की नका वाढवू बाबूजी, पण आजपासून आम्हाला तोंडही दाखवू नका. नारळ बगलेत मारून निघून गेला. त्याच्यामागून सगळे गेले. ढोलवाले तेवढे थांबले होते, त्यांनी कुणाकडे बघायचं ते त्यांना कळेना. मग तेही गेले.

राजवाड्याच्या बाजूने आता दुसऱ्या मिलच्या झांक्यांचे ढोल ऐकू येतात. मिरवणुकीत आमचा नंबर ठरलेला असतो. त्या जागी पुढची मिल सरकली असेल. इकडे शेडमध्ये कुणीतरी मोटर चालू केली आहे. गेल्या वर्षीचाच कालिया यंदा पुन्हा रंगवला आहे, त्याच्या फणा वरखाली होताना गेटातून दिसतात. नाल्याच्या अलीकडे मुलं उभी राहून बघत आहेत.

घरी आलो. प्रेमलताने अंबिकाकडून केस विंचरून घेतले होते. हिरवी साडी नेसली होती. पाठीला उशी लावून खिडकीशी टेकून बसली होती. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आजही नाही. मी म्हटलं, निघणार नाही. ती म्हणाली बरं. थोड्या वेळाने म्हणाली की खिडकी लावा, डास येतात. मी लावली. यशोधरे, आजारी पडल्यापासून तिने ती खिडकी एकदाही लावू दिली नव्हती.

सकाळी साहेब येणार. नाला उघडा आहे. पंच नाहीत. ज्यांनी ज्यांनी होकार दिला होता त्या सगळ्यांनी संध्याकाळपासून दारं लावून घेतली आहेत. तू लिहिलं होतंस की अख्खी मिल माझी आहे.

मी बरोबर केलं का, हे मला विचारू नकोस, आणि मीही तुला विचारत नाही. पण पत्र लिहीत जा.

दादा

ता. क. शनिवार. पत्र रात्री पेटीत टाकलं नव्हतं, म्हणून पुढचं इथेच लिहितो.

साहेब आले. नाल्याच्या काठावर उभे राहिले, टेप टाकली, रुंदी आणि खोली लिहिली. गेल्या वर्षी खुर्ची कुठे ठेवली होती, असं त्यांनी विचारलं. मी दाखवलं. खाली पाणी वाहत होतं.

पंचांसाठी मी गल्लीतली दारं ठोठावली. अंबिका सहीला तयार होती, पण तिच्या नवऱ्याने तिला आत बोलावलं. नंदू आपल्या ओटल्यावर बसला होता. त्याच्याकडे मी गेलो नाही. आमच्या घरातून एक पंच चालेल, असं साहेब म्हणाले. कागद खिडकीशी नेला. प्रेमलताने ती उघडायला लावली आणि डाव्या हाताने पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. साहेब थांबले. दुसऱ्या सहीसाठीही बराच वेळ थांबले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेव्हा नंदू उठून आला. हाताला कालियाचा हिरवा रंग तसाच होता. पेन मागून घेतलं आणि सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. जाताना नारळ आमच्या ओटल्यावर ठेवून गेला. अख्खा आहे.